डावी मांडी मशीनची, उजवी माझी

“मॅडम, ‘एकट्या मांड्यांची चरबी कमी होत नाही’ हे वाक्य आजपासून बंद,” शेलार सर मला बाजूला घेऊन म्हणाले. “मी मशीन आणलंय.”

शेलार सर म्हणजे बिबवेवाडीतल्या आमच्या जिमचे मालक. मी तिथे सकाळच्या लेडीज बॅचची ट्रेनर होते. हिंजवडीत आयटी कंपन्या वाढायला लागल्या होत्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मुली आमच्याकडे येऊ लागल्या होत्या. बहुतेकींचं म्हणणं एकच: बाकी ठीक आहे, तेवढ्या मांड्या कमी करून द्या.

मशीन साधं होतं. खाली उभं राहायला फळी, वर मोटर, मोटरीला रुंद पट्टा. पट्टा मांडीमागून घ्यायचा आणि बटण दाबायचं. मोटर मांडी गदागदा हलवते, आपण नुसतं उभं राहायचं. मेहनत होते ती मोटरीची.

“सर, हलवून चरबी जात असती तर पुण्यातले सगळे रिक्षावाले काडीपैलवान असते.”

“रिक्षावाले सहा महिन्यांची फी एकदम भरत नाहीत,” सर म्हणाले.

हे चाललेलं वैशाली रामटेके ऐकत होती. मूळची नागपूरची, कामाला सॉफ्टवेअर टेस्टर. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी, असं तिनेच मला सांगितलं होतं. तिच्या मांड्या चालताना एकमेकींना घासायच्या आणि ऑफिसच्या पॅन्ट्स आतल्या बाजूने विरायच्या. शिवाय जिना उतरताना दोन्ही गुडघे दुखायचे.

“तुम्ही दोघं वेगवेगळं सांगताय,” ती म्हणाली. “मला पाय दोन आहेत. डावा सरांचा, उजवा मॅडमचा. दोन महिन्यांनी बघू.”

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. सर तर लगेच तयार झाले. “डावी मांडी जास्त बारीक झाली, तर लेडीज बॅच मशीनवरच चालवू. मग ट्रेनरची गरज काय?” हे ते हसत म्हणाले, पण पगाराच्या बाबतीत ते विनोद करत नसत. माझ्या घरात तेव्हा माझ्या एकटीचाच पगार येत होता.

मी एकच अट घातली. वजन कमी व्हायला खाण्याला आवर घालायचा आणि रोज भरभर चालायचं.

“एका पायाने चालता येत नाही, म्हणून चालणं दोघांच्या खात्यात,” वैशालीने निकाल दिला.

दोन्ही मांड्या टेपने मोजल्या, माप सारखंच भरलं, आणि मग सुरू झालं. डावी मांडी पट्ट्यात थरथरायची. उजव्या पायाकडून मी स्टेप-अप करून घ्यायची. म्हणजे एक पाय उंच फळीवर ठेवायचा, त्याच्याच जोरावर वर चढायचं आणि सावकाश उतरायचं. उतरताना घाई केली की मी परत चढायला लावायची. वैशालीने कँटीनचे वडे सोडले, रात्रीचा भात अर्धा केला. वजनकाटा हळूहळू मागे सरकू लागला.

बॅचमध्ये दोन पक्ष पडले. जोशीकाकू रोज नुसत्या नजरेने माप सांगायच्या. “आज डावी जरा उतरल्यासारखी वाटते हो,” असं त्या म्हणाल्या की माझा दिवस खराब जायचा. गुडघे कसे आहेत, असं विचारलं की वैशाली म्हणायची, “टेस्ट चालू असताना रिझल्ट सांगत नसतात.”

दोन महिन्यांनी सगळ्यांसमोर टेप काढला. दोन्ही मांड्या उतरल्या होत्या. पण डावी उजवीपेक्षा अर्धा इंच बारीक निघाली.

मी पुन्हा मोजलं. टेपची चूक नव्हती. सरांनी मशीनवरून प्रेमाने हात फिरवला.

“सर, व्यायामाने स्नायू भरतो,” मी म्हणाले. “चरबी दोन्हीकडची गेली, पण उजवीकडे स्नायू वाढलाय. तो अर्धा इंच त्याचा आहे.”

“पडलेला उमेदवार असंच बोलतो, मॅडम.”

मी खरं तेच सांगत होते, पण माझ्याच कानांना ती सबब वाटत होती. पुढच्या महिन्याचं भाडं डोळ्यांसमोर आलं.

“थांबा, टेस्ट संपली नाही,” वैशाली म्हणाली. तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली, बसली, हात छातीशी बांधले आणि डावा पाय उचलून धरला. मग एकट्या उजव्या पायावर उभी राहिली आणि सावकाश पुन्हा बसली. नंतर उजवा पाय उचलला. डाव्यावर ती वीतभर उठली आणि धपकन खाली आली. खुर्ची मागे सरकली ती जोशीकाकूंनी धरली.

“डावी बारीक आहे, पण कामाची नाही,” वैशाली म्हणाली. “जिना उतरताना उजवा गुडघा आता दुखत नाही. डावा आहे तसाच आहे. बारीक तर दोन्ही झाल्या, त्या वजन उतरलं म्हणून. मशीन नसतं तरी झाल्या असत्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, उद्यापासून डावा पण तुमच्याकडेच घ्या ना बाप्पा.”

माझी नोकरी टिकली. मशीनही टिकलं. सरांनी त्याच्यावर ‘रिलॅक्सेशनसाठी’ अशी पाटी लावली आणि त्यालाही रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढे जोशीकाकू.

वैशालीचा डावा पाय उजव्याच्या बरोबरीला यायला बरेच महिने लागले. त्यात डाव्या मांडीचं माप किंचित वाढलंसुद्धा, पण तिने कुरकुर केली नाही. पॅन्ट्स विरायच्या थांबल्या होत्या आणि ऑफिसचे जिने ती लिफ्टकडे न बघता उतरत होती.

टेपने मांडीची जाडी कळते, ताकद कळत नाही. नव्या बाईंना मी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगते. त्या मनापासून मान डोलावतात आणि विचारतात, “पण मॅडम, मांड्या साधारण किती दिवसांत कमी होतील?”