धायरीच्या त्या दुकानात मी जे बोलले

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आईला तर नाहीच नाही. सात वर्षं झाली. तुम्हीच पहिले. आणि सुरुवातीलाच सांगते, मी चिडलेली आहे. कुणावर, ते कळेलच. आधी मला पिझ्झ्याबद्दल बोलू द्या. हसू नका — सगळं तिथूनच सुरू झालं.

मी मूळची वर्ध्याची. इंजिनिअर झाले आणि पहिली तीन वर्षं बंगळूरला नोकरी केली. तिथं माझ्या खोलीखाली एक लहानसं दुकान होतं. त्याचा पिझ्झा इतका पातळ, की तुकडा उचलला की टोक खाली झुकायचं. कडा जराशी करपलेली, वर टोमॅटोचा आंबटपणा, चीज बेतानंच. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी तो एकटी बसून खायची. बंगळूरची आणखी एक गोष्ट मला आवडायची, पण ती आवडतेय हे तिथं असताना कळलंच नाही — माझं आडनाव तिथं कुणाला वाचता यायचं नाही. म्हणजे अक्षरं वाचता यायची. त्याच्या मागचं वाचता यायचं नाही.

मग कंपनीनं पुण्याला पाठवलं. माझं आडनाव दोन-तीन समाजांत सापडतं. पुण्यात ते ऐकलं की लोक क्षणभर थांबतात. मनात काहीतरी जुळवून बघतात, जुळत नाही, आणि मग गोड आवाजात पुढचा प्रश्न येतो. कर्वेनगरच्या घरमालकीणबाईंनी विचारलं, “अहो, आपलं कुलदैवत कुठलं?” खोली भाड्यानं द्यायला कुलदैवत कशाला लागतं हो? तुम्हीच सांगा. ऑफिसात पहिल्याच दिवशी आमची टीम लीड अनघा म्हणाली, “वर्ध्याच्या म्हणजे नक्की कोण तुम्ही?” मी म्हणाले, वर्ध्याच्या म्हणजे वर्ध्याच्या. ती हसली आणि तिला हवा तो अर्थ तिनं काढला. मी तो काढू दिला. मी खोटं बोलले नाही — हे वाक्य मी पुढे स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं, की एखाद्याला वाटावं पाठांतर चाललंय.

आमचं घर बौद्ध. आजोबांच्या तरुणपणी दीक्षा घेतलेलं. वडील शाळामास्तर. फोन उचलला की पहिला शब्द खणखणीत “जय भीम”, मग समोर बँकेचा माणूस असो की गॅसवाला. मी त्यांची मुलगी. ऑफिसात त्यांचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलायची.

तर पिझ्झा. अनोळखी शहरात माणूस काहीतरी ओळखीचं शोधतो, मी हा शोधत होते. आणि या शहरानं मला जे खाऊ घातलं त्याची चीड अजून गेलेली नाही. मेनूकार्डावर ‘थिन क्रस्ट’ लिहायचं आणि समोर आणून ठेवायचा पाव! वर केचपसारखी गोड चटणी, मक्याचे दाणे, आणि चीजचा असा थर की खाली काय आहे ते देव जाणे. एका ठिकाणी मी तक्रार केली, तर मालक गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले, “थिनच आहे तो. याहून पातळ हवं असेल तर पापड मागवा.” चार-पाच महिने मी हे सहन केलं. ऑफिसात माझ्या या शोधाची चेष्टा व्हायची, आणि खरं सांगू — मला ती आवडायची. निदान पिझ्झावाली म्हणून तरी लोक मला ओळखत होते. पुढचा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

एका रविवारी दुपारी धायरीत माझी गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्यानं अर्धा तास सांगितला. शेजारी फरशांचं दुकान, त्याच्या पलीकडे चार टेबलांचं एक खाण्याचं दुकान. तिथून भाजलेल्या पिठाचा वास आला. तो वास मला माहीत होता. मी आत गेले, एक साधा पिझ्झा मागवला. तुकडा उचलला — आणि टोक खाली झुकलं.

दुकान नरेशदादांचं. दहा वर्षं गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढलेली, तिथल्या इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली शिकलेले. पीठ त्यांची बायको मळायची, सुनंदावहिनी. दोन दिवस थंड जागी ठेवून मग हातानं पसरायचं, लाटणं लावायचं नाही. मी दुसरा मागवला तेव्हा दादा बाहेर आले आणि म्हणाले, “ताई, तुमचं बोलणं आपल्या इकडचं वाटते.” ते पुलगावचे निघाले. वर्ध्यापासून ते किती लांब? आमच्या मावशीचं गाव. गल्ल्यामागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या घरातही त्याच उंचीवर लावलेला आहे. माझी नजर तिथं गेलेली त्यांनी पाहिली. निघताना ते हळूच म्हणाले, “जय भीम.” मीही म्हणाले. या शहरात पहिल्यांदाच. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं — हेही सांगायला हवं.

मग मी दर आठवड्याला जायला लागले. वहिनी मला आत बोलवायच्या. स्वयंपाकघराच्या दाराशी त्या चपला काढायच्या, मलाही काढायला लावायच्या. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पिठाला बोट लावू द्यायच्या नाहीत. तो ओटा इतका लखलखीत होता की माझ्या आईनंसुद्धा नावं ठेवली नसती, आणि आई कुणालाही नावं ठेवते. त्यांनी मला पीठ पसरायला शिकवलं. माझ्याकडून फाटायचं. त्या हसायच्या आणि तो फाटका पिझ्झा आम्ही तिघं मिळून खायचो. मला ताप आला तेव्हा दादा धायरीहून कर्वेनगरला डबा घेऊन आले होते. वरण-भात आणि सोबत लसणाचा ठेचा. आणि मी? घरमालकीणबाईंनी दारातून पाहिलं तर काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी डबा हातात घेताना करत होते.

ऑफिसात मी फुशारकी मारली होती, सापडला म्हणून. पत्ता मात्र सांगत नव्हते. सगळ्यांना वाटलं, मी आपलं गुपित जपतेय. मी भिंत जपत होते. त्या भिंतीवरचे दोन फोटो. शेवटी अनघाला बढती मिळाली आणि सगळ्यांनी धरलं — पार्टी तुझ्या त्या पिझ्झ्याचीच. किती वेळा नाही म्हणणार? शनिवारी दुपारी आम्ही सहा जण गेलो.

मी आदल्या दिवशी फोन करून येतोय म्हणून सांगितलं होतं. दादांनी दोन टेबलं जोडून ठेवली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझी माणसं येणार म्हणून. मी दारात पाऊल टाकलं आणि त्यांनी नेहमीसारखं, पण जरा मोठ्यानं, आनंदानं म्हटलं, “या ताई. जय भीम.”

मी म्हणाले, “नमस्कार.”

मग तेही नमस्कार म्हणाले, सगळ्यांना. अनघानं मला हळूच विचारलं, ओळखीचे आहेत का. मी म्हणाले, छे, येणाऱ्या सगळ्यांनाच म्हणत असतील. दादा दोन हातांवर होते. पाणी ओतत होते.

इथंच थांबले असते तरी एक वेळ — नाही. ‘एक वेळ’ काही नाही. ऐका.

पिझ्झे आले. सगळे गप्प झाले, चांगलं खाताना लोक होतात तसे. अनघा भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, “टेस्ट मस्त आहे गं. पण बेस इथंच करतात ना? हायजीनचं काय?” आता तुम्ही म्हणाल, तिनं भिंतीकडे बघून विचारलं. हो. मलाही तसंच वाटलं. मला संताप आला, तिच्या त्या प्रश्नाचा, त्या ‘पण’चा. त्या ओट्याबद्दल त्या टेबलावर कुणाला माहीत होतं? मला. एकटीला. आणि तो सगळा संताप पोटात घेऊन मी म्हणाले,

“हो ना, मलाही जरा शंकाच येते. पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ.”

सुनंदावहिनी माझ्या मागे उभ्या होत्या. रिकाम्या ताटल्या उचलायला आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. मला काहीतरी आठवत नसेल आणि आठवण करून द्यावी, अशा आवाजात म्हणाल्या, “ताई, तुम्ही तं आतलं पाह्यलंच आहे ना.”

पाच जण माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, “मी? कधी?”

हेच ते. हेच सांगायचं होतं. दोन शब्द. मी वहिनींच्या तोंडाकडे बघून ते म्हणाले. ज्या बाईनं माझे हात धरून मला पीठ पसरायला शिकवलं, तिला मी पाच लोकांसमोर खोटं पाडलं. गल्ल्यामागून दादांनी हाक मारली, “सुनंदा, राहू दे. आपलाच गैरसमज झाला.” त्या आत गेल्या. निघताना दादांनी दारापर्यंत येऊन सगळ्यांना “या पुन्हा” म्हटलं. मलाही. तितकंच, जितकं इतरांना.

मी पुन्हा गेले नाही.

पुढे काय झालं ते ऐका. अनघा गेली. पुढच्याच महिन्यात नवरा-मुलांना घेऊन, आणि मग सारखीच. ऑफिसात सगळ्यांना सांगायची, पुण्यात खावा तर तिथला, माणसं काय आपुलकीची आहेत. तिनं हायजीनचं प्रत्येक ठिकाणी विचारलेलं मी नंतर ऐकलं — डेक्कनच्या महागड्या हॉटेलातसुद्धा. तिच्या मनात त्या दिवशी काय होतं, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. पहिल्या दिवशीचा तो ‘नक्की कोण तुम्ही’ मी तिला माफ केलेला नाही, करणारही नाही. घरमालकीणबाईंचं कुलदैवतही नाही. ज्या शहरात माणसाला आपलं आडनाव खिशात लपवून फिरावं लागतं, त्या शहराची मला आजही चीड आहे. ती चीड खरी आहे. पण ‘मी? कधी?’ हे शहर म्हणालं नाही. अनघा म्हणाली नाही. कुणी माझा गळा धरला नव्हता. फार तर काय झालं असतं? पाच माणसांना कळलं असतं. बस्स, एवढंच झालं असतं.

मागच्या वर्षी बुधवार पेठेत मिक्सरचं भांडं घ्यायला गेले होते. अरुंद दुकान, गर्दी. शेजारी उभी असलेली बाई वळली — सुनंदावहिनी. केस पांढरे झालेले. मला ओळखलं. त्या म्हणाल्या, “बऱ्या आहात ना, मॅडम?” ताई नाही. मी म्हणाले, हो. पुढे कितीतरी वाक्यं होती, सहा वर्षं घोकलेली. एकही आलं नाही. दुकानदारानं आम्हाला बोलताना पाहिलं आणि विचारलं, “दोघी बरोबर आहात का?”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. घाई न करता. उत्तर मी द्यायचं होतं. मी हातातल्या भांड्याचं झाकण लावून बघत होते.

“नाही,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “आम्ही वेगवेगळ्या आहोत.”