दोन टिंबं

“कारखाना वजनावर गेला आणि नाव चढ्या भावाने,” असं मिस्त्री एकदा म्हणाला होता.

मोटरसायकलींच्या शोरूमच्या मागच्या शेडमध्ये, आपल्या टेबलावर जुनं इंजिन उघडून बसलेला असताना. ऐकणारा त्याचा सख्खा भाचाच होता, त्या शोरूमचा मॅनेजर. भाच्याने ऐकलं नाही. ऐकू न येण्याच्या बळावरच तो मॅनेजरपर्यंत चढला होता.

मिस्त्रीने सव्वीस वर्षं त्या कारखान्यात मोटरसायकलची इंजिनं जुळवली. कारखाना बुडाला, यंत्रं तोडून भंगाराच्या भावाने ट्रकमध्ये भरली गेली. बऱ्याच वर्षांनी कुणी पैसेवाल्यांनी नुसतं नाव विकत घेतलं, आणि आता त्या नावाची नवी गाडी आली होती. मध्यम ताकदीची, उंच, चोचीसारखा मडगार्ड पुढे काढलेली, डोंगरदऱ्यांत न्यायची. बघायला येणाऱ्यांतल्या निम्म्यांना स्वतःच्या इमारतीचा जिना चढताना धाप लागायची. गाडीबरोबर एक गुळगुळीत पुस्तिका होती. तिच्यात ‘परंपरा’ हा शब्द पानापानावर होता आणि इंजिनात तेल किती घालायचं ते कुठेच नव्हतं.

गाडी दाखवण्याचा समारंभ ठरला तेव्हा शोरूमच्या मालकाला वारसा सांगणारा एक जिवंत माणूस हवा होता. भाच्याने मामाला पुढे केलं. मालकाचं म्हणणं सरळ होतं. मिस्त्रीने दोन शब्द बोलावे, मग शेडमधलं त्याचं टेबल त्याचंच राहील. नाहीतर शेड पाडून तिथे गिऱ्हाइकांसाठी कॉफीचं मशीन बसवायचं होतंच. मिस्त्रीने मान डोलावली. मागे एकदा आजारपणात पंधरा दिवस घरी बसला होता, तर त्याने सुनेचा धडधाकट मिक्सर दोनदा दुरुस्त केला होता. तिसऱ्यांदा सुनेने तो कपाटात कुलूपबंद केला. टेबल गेलं तर उरलेलं आयुष्य कसं जाईल, ते त्याला तिथेच कळलं होतं.

समारंभाच्या सकाळी त्याने गाडी फिरवून आणली. बरी होती. वाईट असती तर शिव्या घालून मोकळा झाला असता. मग सवयीने तो उकिडवा बसला आणि इंजिनाच्या खालच्या अंगाला, तेल काढायच्या बोल्टाशेजारी, बोट फिरवलं. बोटाला दोन खळगे लागले.

“हे कुणी ठोकलं?” त्याने विचारलं.

ठोकलेलं नाही, साच्यातच आहे, भाचा अभिमानाने म्हणाला. प्रत्येक गाडीवर आहे. पुस्तिकेत त्याला कारागिराची मुद्रा म्हटलं होतं. कंपनीची माणसं कारखान्याच्या जुन्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटातलं इंजिन मोजून, फोटो काढून गेली होती; खूणही तिथूनच घेतलेली.

मिस्त्रीने त्या दोन खळग्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. कारखान्यात चाचणीला लावलेल्या प्रत्येक इंजिनावर एक टिंब ठोकत. चाचणीत नापास झालं, पुन्हा उघडावं लागलं, की शेजारी दुसरं. दोन टिंबांचं इंजिन मोटरसायकलला कधी लागत नसे. ते पाण्याच्या पंपाला जाई. कपाटातलं इंजिन पंपवाल्यांनीही परत पाठवलेलं होतं. खपलं नाही म्हणून शोभेला ठेवलं. ते मिस्त्रीनेच जुळवलं होतं, आणि त्याच्यावरचं दुसरं टिंबही त्याने स्वतःच्या हाताने, चार माणसांदेखत, मान खाली घालून ठोकलं होतं.

त्याने हे सगळं भाच्याला सांगितलं. भाच्याचा चेहरा उतरला. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग मामाकडे.

“मामा, हे तुमच्याशिवाय कुणाला माहितीय?”

“जिवंत असलेल्यांत? कुणाला नाही.”

“मग झालं तर,” भाचा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

अर्थ तर काहीही लावता येतो, असं तो मामाला समजावू लागला. एक टिंब घडवणाऱ्याचं, एक चालवणाऱ्याचं. लगेच सुचलं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला आणि मालकाच्या कानात सांगायला धावला.

संध्याकाळी खुर्च्या भरल्या. नवेकोरे बूट घातलेली माणसं गाडीवर बसून दऱ्याखोऱ्यांत असल्यासारखी लांब पाहत होती. मालकाने माइकवरून दोन टिंबांचा अर्थ सांगितला. टाळ्या पडल्या. मोबाइल घेऊन लोक इंजिनाखाली वाकले आणि नापासाच्या खुणेचे फोटो काढू लागले. एकीने तर त्या खळग्यांना हात लावून तो हात कपाळाला लावला.

“आता हे ज्यांच्या हातांनी घडलं, ते सांगतील,” मालक म्हणाला आणि माइक मिस्त्रीच्या हातात दिला. भाचा मागून पुटपुटला, “दोनच शब्द, मामा. टेबलाचं बघा.”

मिस्त्रीने समोर पाहिलं. सगळे चेहरे आधीच हेलावून तयार होते, नुसतं त्याने तोंड उघडायचा अवकाश. काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं सांगितलं असतं तर तेही त्यांनी टाळ्या वाजवून घरी नेलं असतं.

त्याने माइक गाडीच्या सीटवर ठेवला.

“पाहा, त्यांना शब्द फुटत नाहीयेत,” मालक माइक उचलून म्हणाला. लोक उभे राहिले, टाळ्या वाढल्या, आणि त्या टाळ्यांमधून वाट काढत मिस्त्री दाराबाहेर निघून गेला.