भरलेली बॅटरी

मीटरचा दिवस पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. बस डेपोच्या बॅटरी रूममध्ये चौतीस वर्षं पहिल्या पाळीला गेलेल्या माणसाचं अंगच घड्याळ होऊन बसतं. निवृत्तीला पाच वर्षं झाली होती, तरी चार पन्नासला डोळे उघडायचे ते उघडायचेच.

मीटर हे नाव डेपोतलं. बाकीचे लोक तारेला तार लावून ठिणगी बघायचे आणि ‘आहे दम’ म्हणून बॅटरी गाडीवर चढवायचे. हा प्रत्येक कप्प्यातलं पाणी बघायचा, व्होल्ट मोजायचा, पाटीवर खडूनं लिहायचा आणि मगच बॅटरी हातावेगळी करायचा. एकेक बॅटरी चाळीस किलोची, आणि पाळीत अशा तीस उचलायच्या. उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, हे तो नव्या माणसाला एकदाच सांगायचा. दुसऱ्यांदा त्याची कंबर सांगेल, म्हणायचा. ॲसिडनं त्याच्या दोन्ही हातांवर पांढरे डाग पडले होते आणि एकही पँट वर्षभर टिकली नव्हती. पण त्याच्या हातची बॅटरी रस्त्यात बसली, असं चौतीस वर्षांत दोनदाच झालं. ते दोन्ही दिवस त्याला तारखेनिशी पाठ होते.

उठल्यावर तो चहाचं आधण ठेवायचा आणि उकळी येईपर्यंत मोबाइलवर दादाची गाडी बघायचा.

दादा म्हणजे थोरला भाऊ, त्याच डेपोतला ड्रायव्हर. बायको गेली, मागोमाग नोकरी संपली, आणि दादाला चार भिंतींत करमेना. त्यानं डेपोच्या लिलावातली एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढून टाकल्या, आत पलंग, शेगडी आणि बेसिन बसवलं आणि निघाला. कधी तलावाच्या काठी, कधी माळावर, कधी बंद पडलेल्या खाणीजवळ. आवडली जागा की महिनाभर हलायचा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्टॉपवर थांबलो, आता माझ्या स्टॉपवर थांबतो, असं त्याचं म्हणणं.

टपावरचे दोन सोलर पॅनल, आतली बॅटरी आणि त्यांच्यामधला चार्ज कंट्रोलर मीटरनं स्वतः बसवला होता. कंट्रोलर म्हणजे वहीएवढा डबा. उन्हातून वीज किती आली, बॅटरीत किती गेली, गाडीत किती खर्च झाली, या सगळ्याचा हिशोब त्याच्याकडे. मीटरनं त्याला सिमकार्डाची एक डबी जोडली होती, त्यामुळे ते आकडे घरबसल्या दिसायचे. फ्रिज, पंप, पंखा, दिवे, एकूण एक तार त्यानं कंट्रोलरमधून नेली. दुसऱ्या मिस्त्रीनं अर्ध्या तारा सरळ बॅटरीला लावून अर्ध्या दिवसात काम उरकलं असतं. मीटरला अडीच दिवस लागले. पण त्या गाडीतला एक अँपियरसुद्धा त्याच्या नजरेआड जात नव्हता.

एवढा खटाटोप फ्रिजसाठी होता. दादाला साखर होती. इन्सुलिनच्या बाटल्या त्या छोट्या फ्रिजमध्ये असायच्या आणि सकाळी सातला, संध्याकाळी सातला तो स्वतःच सुई टोचून घ्यायचा. बॅटरी बसली की फ्रिज बसणार, फ्रिज बसला की औषध नासणार. म्हणून मीटरनं गजर ठेवला होता. बॅटरी चाळीस टक्क्यांखाली गेली की मोबाइल बोंब मारणार.

दादाला हे अजिबात पसंत नव्हतं. “उंटावरून शेळ्या हाकू नकोस,” तो म्हणायचा. “मी काय तुझ्या पाटीवरची बॅटरी आहे, रोज मोजायला?” फोन तर तो चार-चार दिवस बंदच ठेवायचा. त्यामुळे मीटरला भाऊ कळायचा तो आकड्यांतून. पावणेसहाला पंप चालला म्हणजे तोंड धुतलं. सातला फ्रिजचं दार उघडलं की आत गरम हवा शिरून कॉम्प्रेसर वेळेआधी धावायचा, म्हणजे सुई झाली. दुपारी पंखा. रात्री साडेनऊला सगळे दिवे बंद, कारण फुकट जळणारा दिवा दादाच्या डोळ्यांत खुपायचा. पंप दोनदा चालला, म्हणजे दादानं आज भात लावलाय, असं मीटर बायकोला सांगायचा. मीठ किती घातलं तेही विचारा, बायको म्हणायची.

त्या दिवशी पहाटे मोबाइलवर ब्याण्णव टक्के दिसले. शेजारी हिरवा ठिपका.

एरवी त्या वेळेला अठ्ठ्याहत्तर असायचे. मीटरनं आदल्या दिवसाचे आकडे काढले. काल सकाळी साडेनऊलाच बॅटरी शंभर टक्के भरली होती. काल ते त्यानं पाहिलंही होतं, आणि दादानं पॅनल पुसले वाटतं, म्हणून मनातल्या मनात शाबासकी दिली होती. आता ते पटेना. पुसलेल्या पॅनलमुळे दिवसा बॅटरी लवकर भरेल. पण रात्रीचा खर्च कसा कमी होईल?

तो एकेक तास मागे गेला. पंप शेवटचा चालला तो परवा संध्याकाळी सव्वासहाला. त्यानंतर नाही. फ्रिज बारा मिनिटं धावत होता, चाळीस मिनिटं थांबत होता, बारा मिनिटं, चाळीस मिनिटं, घड्याळ लावल्यासारखा. दार एकदाही उघडलं नव्हतं. तीन सुया चुकल्या होत्या. आणि सगळ्यांच्या तळाशी शून्य पॉइंट चार अँपियर, न हलणारे. तो दारावरचा छोटा दिवा. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस दादाच्या गाडीत दिवा जळत होता.

आधण उतू जाऊन गॅस विझला. वासानं बायको उठून आली. तिनं नॉब बंद केला, मोबाइलमध्ये डोकावली आणि म्हणाली, “भरलेली आहे की. मग चांगलंच ना?”

“भरलेली आहे,” मीटर म्हणाला, “कारण कुणी वापरत नाहीये.”

गजर वाजला नव्हता. कसा वाजेल? त्यानं तो रिकाम्या बॅटरीसाठी ठेवला होता. चौतीस वर्षं तो बॅटरी बसण्याला भ्यायला होता. भरण्याला भ्यायचं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

दादाचा फोन बंद. या महिन्यात त्याचा मुक्काम बंद पडलेल्या खाणीजवळ होता. ॲम्ब्युलन्सच्या नंबरवरच्या मुलीनं नीट विचारपूस केली. रुग्णाला काय होतंय, बरोबर कोण आहे, बघितलं कुणी? कुणी बघितलं नाही, मीटर म्हणाला, पण फ्रिजचं दार उघडलेलं नाही. तिनं अदबीनं सांगितलं की तेवढ्यावर खाणीपर्यंत गाडी पाठवता येत नाही, कुणी जाऊन बघितलं की कळवा.

खाण सहा तासांवर होती. तळमजल्यावर कंडक्टर राहायचा. अकरा वर्षं त्यानं दादाच्याच बसवर तिकिटं फाडली होती, आणि आता त्याच्याकडे एक जीप होती. साडेपाचला ते निघाले. बायको तीन जिने उतरून पाण्याची बाटली द्यायला आली. दुखऱ्या गुडघ्यांमुळे एरवी ती दिवसातून एकदाच उतरायची.

कंडक्टर गप्प बसणाऱ्यातला नव्हता. म्हातारा पायी कुठल्यातरी गावात जाऊन गप्पा छाटत असेल, आपण पोचलो की आपल्यालाच शिव्या घालेल, असं तो तासभर बोलत राहिला. मीटरनं एकच विचारलं, दिवा चालू ठेवून गेला असता का? कंडक्टरनं जीपचा वेग वाढवला. भर दुपारी बसमधला दिवा चालू राहिला म्हणून दादानं त्याला प्रवाशांसमोर झापलेलं त्याला आठवत असणार.

साडेआठच्या सुमाराला कंडक्टर आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “हातात दोरी असती तर बेल मारून बघितली असती.”

मीटरनं मान वळवली. “जीप थांबव.”

दोरी त्याच्या हातात होती. मोबाइलवरून आकडे नुसते दिसत नव्हते. कंट्रोलरमधून बाहेर जाणारी वीज बंद-चालूही करता येत होती. एकूण एक तार तिथूनच गेली होती. वीज बंद केली की दारावरचा दिवा जाणार, चालू केली की येणार. आणि डेपोत जन्म काढलेल्या माणसाला बेल समजावून सांगावी लागत नाही. डबल म्हणजे ठीक आहे, चल. सिंगल म्हणजे थांब. वर्कशॉपमध्येही तेच. बसखाली शिरलेल्या माणसाला बाहेरचा पत्र्यावर दोन ठोके देऊन विचारायचा, आतून दोन आले की ठीक, एक आला की गाडीला हात लावायचा नाही, माणूस अडकलाय.

पण बंद केल्यावर मोबाइलची रेंज गेली तर? फ्रिज बंद राहणार, दिवा विझलेला राहणार, आणि दादा जिवंत असला तर अंधारात पडून राहणार, तोही भावाच्या हातानं. मीटर जीपमधून उतरून रस्त्याकडेच्या उंचवट्यावर चढला. रेंजच्या सगळ्या काड्या भरल्याची खात्री केली. मग दाबलं. बंद, चालू. बंद, चालू.

आकडा शून्य पॉइंट चारवर आला आणि तिथेच बसला. दर पाच सेकंदांनी नवा आकडा यायचा आणि तो जुनाच असायचा. कंडक्टर त्याच्या खांद्यामागे उभा होता. चार मिनिटांनी मीटरनं पुन्हा डबल बेल दिली. फ्रिज सुरू झाला, आकडा चारवर गेला. ते फ्रिजचं, दादाचं नव्हे. बारा मिनिटं धावून फ्रिज थांबला. पुन्हा शून्य पॉइंट चार. त्यानं तिसऱ्यांदा बेल दिली.

सहा पॉइंट एक.

पंप. मग पुन्हा शून्य पॉइंट चार.

दोघेही दुसऱ्याची वाट बघत राहिले. दुसरा आला नाही.

“सिंगल,” कंडक्टर म्हणाला.

मीटरनं पुन्हा ॲम्ब्युलन्सला फोन लावला. माणूस जिवंत आहे, अडकून पडलाय, साखरेचा रुग्ण आहे, तीन सुया चुकल्यात, आजची धरून चार. तीच मुलगी होती. तिनं तेच विचारलं, “बघितलं कुणी?”

न मोजलेला आकडा मीटरनं जन्मात पाटीवर लिहिला नव्हता.

“मी बघितलं,” तो म्हणाला.

गाडी निघाल्याचं तिनं कळवलं. पुढच्या रस्त्यात मीटर दर अर्ध्या तासानं जीप थांबवून डबल बेल देत होता. नऊला सिंगल आली. साडेनऊला बॅटरी शंभर टक्के झाली, ठिपका हिरवागार, आणि बेलला उत्तर आलं नाही. दहालाही नाही. कंडक्टर समोर बघून जीप हाकत होता.

ते पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स खाणीच्या तोंडाशी उभी होती आणि तिची दोन माणसं मिनीबसच्या दारात गुडघ्यांवर बसली होती. दादा आत आडवा पडला होता. पायरीवरून घसरताना त्याचा डावा पाय पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीत गेला होता आणि नडगी मोडली होती. फोन वरच्या फळीवर. हाताशी झाडू, ज्याच्या दांड्यानं त्यानं पंपाचं बटण ढोसलं होतं. डोळे मिटलेले, श्वास उथळ. पाय निघत नव्हता. ती चौकट मीटरनंच बसवली होती, खड्ड्यांत टाकी हलू नये म्हणून, दुहेरी नट लावून. चारांतला कुठला बोल्ट आधी सोडायचा हे त्याला एकट्याला माहीत होतं. त्यानं पाना मागितला, गुडघे टेकले आणि आपल्याच कामाला शिव्या न देता ते सोडवलं. चार मिनिटं लागली. पायाचा रंग त्यानं बघितला आणि नजर फिरवली नाही.

जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पाचव्या दिवशी दादा पहिल्यांदा नीट बोलला. “दिवा गेला-आला तेव्हा वाटलं, तुझ्या कामात बिघाड झाला,” तो म्हणाला. “मग म्हटलं, याच्या कामात बिघाड होत नाही. कोणीतरी बेल मारतंय.” मीटरनं त्याला चौकटीबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं. दादानं हात हलवून तो विषय बंद केला.

मीटरच्या फंडाचे पैसे बायकोनं तळमजल्यावरच्या खोलीसाठी राखून ठेवले होते. चौतीस वर्षांच्या पाठीचे आणि हातांवरच्या डागांचे ते पैसे होते, आणि तिच्या गुडघ्यांचं त्यांच्यावर लक्ष होतं. त्या आठवड्यात तिनं स्वतःच कपाटातून पासबुक काढून त्याच्यापुढे ठेवलं. “मी चढते अजून,” ती म्हणाली. “भाऊजींना चालू दे आधी.”

त्या पैशांतून दादाचा पाय आला. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेतल्या माणसानं पट्टे आवळले आणि दोन दांड्यांमध्ये त्याला उभं केलं. दादा बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानं तो नवा पाय उचलून फरशीवर आपटला.

एकदा.

मीटर खुर्चीतून अर्धा उठला.

मग दुसऱ्यांदा.