खिडकीवरची वेल

आमच्या हॉलमधल्या मनी प्लांटला पानं उरली होती ती फक्त शेंड्याला. बाकी सगळी नुसती दोरी, घड्याळाला वळसा घालून खिडकीवरून आडवी गेलेली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाई तिला दोऱ्याने खिळ्यांना बांधत आल्या. या वेलीला कात्री लावली की घरातली लक्ष्मी जाते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ती खिडकी आम्ही कधी उघडलीच नाही.

काल भर दुपारी वीज गेली. पदराने वारा घेत सासूबाई वेलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काप गं ती एकदाची!"

"आणि लक्ष्मी?"

"तिलाही उकडत असेल. मी आपली तुझ्यासाठी सांभाळत होते. रोज पानं पुसतेस, मला वाटलं, तुझा जीव आहे तिच्यावर."

मी पुसायची ती त्यांना बरं वाटावं म्हणून! मला हसावं की चिडावं कळेना. कुणालाच नको असलेली किती ओझी आपण एकमेकींच्या मायेपोटी अशी पुसून-पुसून जपतो, कोण जाणे.

पेराच्या खाली एकेक काप देत मी वेल उतरवली. त्यातले हिरवे तुकडे सासूबाईंनी पाण्याच्या बाटलीत खोचले. मग त्या पुन्हा पदराने वारा घेऊ लागल्या आणि मी खिडकीला खांदा लावला. ती कुरकुरली, अडली आणि उघडली.

सासूबाईंच्या हातातला पदर आपोआप खाली आला.