नीताकडे राहिलेले चार डबे

वुडलँड्सला, आमच्या इमारतीत आमच्याच मजल्यावर नीता राहते. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान प्रकाश लकव्याने अंथरुणाला खिळले. त्यांना एकटं टाकता येईना, म्हणून तिने बँकेतली नोकरी सोडली. आता घरीच शिकवण्या घेते. मी एकटी, तरी स्वयंपाक चौघांचा होतो. जास्तीचं डब्यात भरून मी तिला नेऊन द्यायची.

जुलैपासून डबे परत येईनात. चार झाले. बेल वाजवली की आतूनच म्हणायची, "काकू, क्लास चालू आहे हं!" मराठी मंडळात मी बोलून गेले, "जेवण चालतं, डबे तेवढे परत करवत नाहीत." तिथली शुभदा हसली, "भांड्यांचं दुकान काढतेय की काय!" मीही हसले.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी लावलेल्या सवयीने मी रोजनिशीत सगळं लिहिते. परवा एक तारीख शोधताना मागची पानं चाळली. जानेवारी: नीताने परत केलेल्या डब्यात बेसनाचे लाडू. मार्च: चिवडा. एप्रिल: दोन केळी. मे: साखर. जून: चमचाभर साखर. पुढे काहीच नाही. माझ्याच अक्षरात होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. खाली हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत अर्धवट टाकलेली ताटं रॅकवर रचलेली असतात, आणि वर ही बाई उपाशी!

तशीच गेले. या वेळी तिने दार उघडलं. चारही डबे ओट्यावर, लख्ख घासलेले. गॅसवर प्रकाशसाठी पेज शिजत होती, वाटीभरच.

"तू काय जेवलीस?"

"मला भूकच नसते हल्ली."

"डबे दे बघू."

"रिकामे कसे देऊ, काकू? आई म्हणायची, निदान साखर तरी घालावी."

"अगं, खाली शनिवारी गरजूंना फुकट तांदूळ-डाळ वाटतात. जात का नाहीस?"

"रांगेत कुणी पाहिलं तर? आधीच माझं भांड्यांचं दुकान निघालंय म्हणे."

मला मान वर करवेना.

दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये तिची कढीपत्त्याची कुंडी होती. "त्याची डहाळी घाल," मी म्हटलं, "आमटीला हवीच आहे मला." ती डबा घेऊन बाहेर आली. मग एक डहाळी खुडून एकाच डब्यात घातली. बाकीचे तीन रिकामे तिने दिले नाहीत.

संध्याकाळी तोच डबा मुगाच्या खिचडीने भरून नेला. तिने घेतला.

परतताना कुंडीपाशी थांबले. रोपावर अजून आठ डहाळ्या आहेत, म्हणजे आठ डबे.