काळ्या वाळवंटातली कोरी जागा

अनघा जेवताना ताटाकडे बघायची नाही. शेजारी लॅपटॉप, त्यावर काळ्या दगडांचे फोटो, उपग्रहाने वरून काढलेले. पुण्याची पोर, इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करायची. सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली मुलाने तिला भाड्याने दिली होती. माझी बायको गेली आणि मुलाने मलाही इकडे परदेशात आणलं. येईल तो म्हणायचा, "सुटल्या हो काकू." अनघा म्हणाली, "काका, मी त्यांना पाहिलेलंच नाही. काय बोलू?" तेव्हापासून या घरात मी बोललो तर तिच्याशीच.

मी सातवी शिकलेला. मला कळेल असं तिने सांगितलं. अरबस्तानात ज्वालामुखीच्या दगडांचं वाळवंट आहे. त्या दगडांवर उंटाचे तळवे फाटतात, म्हणून जुन्या लोकांनी दगड बाजूला सारून वाटा केल्या. वरून त्या पांढुरक्या दिसतात. त्या ती नकाशावर उतरवायची. दोन विहिरींमधली एक वाट मात्र मधेच नाहीशी व्हायची. पुढे बऱ्याच अंतरावर पुन्हा दिसायची.

तिच्या सरांना ती जोडून हवी होती. नकाशा घेऊन काही माणसं विहिरीपासून विहिरीपर्यंत पायी जाणार होती. अनघाचा करार संपत आला होता. सर नाराज झाले की करार गेला, करार गेला की इथे राहायचा पासही गेला. नखं खाऊन तिची बोटं लाल झाली होती.

मी म्हणालो, "ओढून टाक की रेघ. इकडून आली, तिकडे निघाली. मधे काय उडून गेली?"

"काका, रेघ दिसली की माणसं पाणी कमी घेतात."

"आणि तुझी नोकरी?"

"जाईल बहुतेक." तिने लॅपटॉप मिटला. "आईचा फोन आला तर काही बोलू नका हं."

तिने मधली जागा कोरी ठेवूनच नकाशा दिला. करार वाढला नाही.

ती पुण्याला परत निघाली तेव्हा तिची बॅग घेऊन मी एलआरटीच्या स्टेशनपर्यंत गेलो. "भीती वाटतेय, काका," ती म्हणाली. मी म्हणालो, "वाटणारच." दुसरं काय सांगणार?

अजून तिचं नोकरीचं कुठे जमलेलं नाही. मला घास गोड लागत नाही. परवा मुलगा म्हणाला, "मिळेल हो तिला, बाबा. हुशार आहे."

"कुठे मिळेल?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मग मिळेल म्हणू नकोस," मी म्हणालो.