हिरव्या फोटोला अकरा अंगठे

स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘क्रिटिकल’ दिसत होतं आणि गायकवाड साहेब माझ्यापुढे मोबाइल धरून म्हणत होते, “मॅडम, हे बघा की. सगळं हिरवं हाय.”

मोबाइलवर खरंच हिरवं होतं. साहेब कारखान्याचे मॅनेजर. रोज साडेनऊला ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा फोटो टाकायचे. वर गुलाब, खाली ‘सुप्रभात, सर्व्हर नॉर्मल’. त्यावर मालकांपासून स्टोअरकीपरपर्यंत सगळ्यांचे अंगठे.

“फोटो कधीचा?” मी विचारलं.

“आजचाच. सकाळी टाकला.”

“टाकला आज. काढला कधी?”

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला.

मी सात रस्ता चौकातल्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही लोकांचे सर्व्हर सांभाळतो. हा टॉवेल-चादरींचा कारखाना आमचा क्लायंट. होस्ट म्हणजे एक दांडगा सर्व्हर. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेले चार कॉम्प्युटर चालतात, ती व्हर्च्युअल मशीन्स. कारखान्याच्या कुंभारी गावातल्या गोडाऊनमध्ये दुसरा होस्ट आहे. या चौघांची प्रत तिथे दर पाच मिनिटांनी ताजी होते, याला रेप्लिकेशन म्हणतात. इथला होस्ट बसला तर तिथली प्रत उठवायची. प्रत ताजी आहे का, हे सांगणारा एक रकाना असतो, हेल्थ. हिरवं, पिवळं किंवा लाल. तो रोज डोळे उघडून बघायचा, एवढंच काम. तेवढंच कुणी करत नव्हतं.

प्रत थांबली होती खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे माग बंद ठेवून पुजतात. माग पुजायचा तर सर्व्हरने काय पाप केलं? साहेबांनी रेप्लिकेशनला ‘पॉझ’ दिला, दोन्ही होस्ट रीतसर बंद केले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दसरा झाल्यावर होस्ट चालू केले. ‘रिझ्यूम’ दाबायचं राहिलं. आता संक्रांत तोंडावर आली होती, आणि ग्रुपवर फिरत होता तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचा फोटो.

आमचीही लाज सांगते. धोक्याचे मेल आमच्या कंपनीला रोज येत होते, पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये. तो तिकडे सुखात, मेल इकडे साचलेले.

मी आले होते वेगळ्याच तक्रारीसाठी. इथल्या होस्टमध्ये दोन डिस्क, एकीत लिहिलेलं दुसरीतही असतं. त्यातली एक मेली होती आणि दुसरी एरर देत होती. नवी डिस्क पुण्याहून उद्या येणार होती. म्हणजे खंडेनवमीनंतरचं सगळं काम एका खोकणाऱ्या डिस्कवर होतं.

दारात नरसय्या मामा उभे होते, कारखान्याचे डिझाइनर. चाळीस वर्षं त्यांनी चादरीवरचे मोर चौकटीच्या कागदावर काढले. कॉम्प्युटरवर या, कागद हरवतो, असं त्यांना मीच पटवलं होतं. दसऱ्यापासून त्यांनी अकरा डिझाइनं केली, एकही कागदावर नाही.

“पोरी, माझे मोर कुटं हायत मग?” त्यांनी विचारलं.

“याच डिस्कवर, मामा.”

“आन् कुंभारीला?”

“तिकडे दसऱ्याआधीचे.”

मामा स्टूल ओढून होस्टसमोर बसले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“आधी ते हिरवं करा,” साहेब म्हणाले. “तीनला मालक येणार हायत. ‘आपला डेटा सुरक्षित’ असं माझं प्रेझेंटेशन हाय.”

“हिरवं करायचं तर मशीन पूर्ण वाचून कुंभारीशी ताडावं लागेल. त्या ताणात डिस्क गेली तर मोर गेले. आधी मोर बाहेर काढते.”

“पण मालकांना लाल कसं दाखवू?”

“जसं आहे तसं. हिरव्या रंगासाठी माणसाची मेहनत पणाला लावायची असेल तर तसं लिहून सही करून द्या. मी ते कागद कारखान्याच्या गेटवर वाटते. पत्रकं वाटायची मला कॉलेजपासून सवय आहे.”

“ही वाटंल, साहेब,” मामा म्हणाले.

साहेब चहा सांगायला गेले. मी माझ्या पिशवीतली पोर्टेबल डिस्क लावली आणि डिझाइनं कॉपी करायला घेतली. चाळीस मिनिटं मामा स्टुलावर बसून एकेक नाव वाचत होते, बारशाला आल्यासारखे. अकरावं नाव आलं तेव्हा त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला. चहा गार झाला होता.

मग एकेक मशीन ताडायला लावलं. तीन हिरवी झाली. चौथं, म्हणजे साहेबांचं ऑफिसचं, अर्ध्यावर असताना होस्टच्या डिस्कने प्राण सोडला. कुंभारीच्या प्रती उठवल्या, कारखाना चालू झाला. दिवाळीची शुभेच्छापत्रं आणि ‘आपला डेटा सुरक्षित’ हे प्रेझेंटेशन तेवढं गेलं.

मालकांनी नवा नियम केला. फोटो मी काढायचा, आणि फोटोत शेजारचं कॅलेंडर दिसलं पाहिजे. नवी डिस्क आली तरी तिसऱ्या दिवशी साहेबांचं मशीन लालच होतं. मी तो लाल रकाना, त्या दिवसाच्या तारखेसह, मुद्दाम गुलाब लावून टाकला. खाली फक्त ‘सुप्रभात’.

अकरा अंगठे आले. त्यात एक खुद्द गायकवाड साहेबांचा.

फोन एकच आला, नरसय्या मामांचा. “पोरी, लाल काय दिसतंय गं? माझं हाय का?”

“नाही मामा, साहेबांचं.”

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि ठेवला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक मशीनचा अलर्ट, ते बुडालं तर ज्याचं काम बुडेल त्याच्याच मोबाइलवर लावते. ग्रुपवर गुलाब येत राहतात. त्यांची हेल्थ उत्तम आहे.